एका मात्रेचं मरण

लोक काशीला मरायला जातात, नाहीतर मेलेल्यांच्या अस्थी घेऊन जातात. मी एका मेलेल्या माणसाच्या पुस्तकाची परवानगी आणायला गेले होते. परत आल्यापासून जो तो विचारतो, गंगाजल आणलंस का, आरती पाहिलीस का? गंगाजल आणलं नाही. दशाश्वमेध घाटावर गेले तेव्हा ऐन जानेवारीतलं धुकं होतं. पायरीवर उभी राहून मी नदी शोधत होते आणि ती माझ्या पायांशीच होती. त्यामुळे आरतीचं वर्णन दुसऱ्या कुणाकडून ऐका.

मी पुण्यात शैक्षणिक पुस्तकांच्या एका प्रकाशनात संपादक आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि स्वभावही त्याच कामाला साजेसा आहे असं घरचे म्हणतात. काशीतले मराठी वैयाकरण कै. वा. निगुडकर यांनी संस्कृत क्रियापदांवर मराठीत मोठा ग्रंथ लिहिला. त्याचे तीन खंड निघाले, चौथा राहिला. आता एका विश्वस्त संस्थेने तो आपल्या स्मृतिमालेत घ्यायचं ठरवलं होतं. ही संस्था फक्त दिवंगत विद्वानांचं अप्रकाशित लेखन छापवून घेते, तसा तिचा नियमच आहे. छपाई वाराणसीत, वितरण आमच्याकडे. वारसाची सही तेवढी हवी होती. टपालाने दोनदा कागद पाठवला, उत्तर आलं नाही, म्हणून मला पाठवलं.

पहिला दिवस : वरच्या मजल्यावरचे लेखक

गाडी धुक्यात रखडत आली, एवढंच प्रवासाबद्दल सांगते. सकाळी मातीच्या कुल्हडातून मलइयो खाल्लं. दुधाचा केशरी फेस असतो तो, आणि फक्त थंडीतच मिळतो. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो आणि आपण खरंच काही खाल्लं का अशी शंका येते. त्या शंकेपोटी मी दुसरा कुल्हड घेतला.

वाराणसीतले आमचे प्रकाशक त्रिपाठीजी. आपल्या अप्पा बळवंत चौकात पुस्तक घ्यायचं म्हणजे काउंटरवर कोपरं रोवून ओरडावं लागतं. इथे चपला बाहेर काढून गादीवर बसायचं, आधी चहा, मग तब्येतपाणी, आणि कामाचं बोलणं सगळ्यांत शेवटी. माझ्यासारख्या घायकुतीला आलेल्या बाईचा जीव त्यात मेटाकुटीला येतो. चहा झाल्यावर त्रिपाठीजींनी गोदाम दाखवलं. आमचा सगळा धंदा त्या एका इमारतीत मजल्यामजल्यांवर रचून ठेवलेला होता.

तळमजल्यावर गाइडं. आठवड्यात पास करून देणारी, खरबरीत कागदाची, परीक्षा झाली की रद्दीत जाणारी. त्यांवर लेखक म्हणून 'अनुभवी प्राध्यापक मंडळ' असतं. हे मंडळ कधी भेटलंय का, असं मी विचारलं तर त्रिपाठीजी नुसते हसले. मधल्या मजल्यावर चर्चासत्रांतले निबंधसंग्रह. नोकरीत बढती हवी तर नावावर छापील निबंध हवा, म्हणून ही पुस्तकं निघतात. जेवढे लेखक असतील तेवढ्याच प्रती छापायच्या, आपापली प्रत प्रत्येकाने घेऊन जायची. एक संग्रह उघडून पाहिला तर मधली पानं चिकटलेलीच होती, कुणी फोडलीच नव्हती.

"आणि चांगले लेखक?" मी विचारलं.

"अच्छे लेखक सब ऊपर हैं, दीदी," त्रिपाठीजी छताकडे बोट दाखवून म्हणाले.

वरच्या मजल्यावर जुन्या संस्कृत ग्रंथांची पुनर्मुद्रणं होती. जुन्या पानांचे फोटो काढून तशीच्या तशी छापलेली, कधीच्या काळी गेलेल्या पंडितांची पुस्तकं. झरोक्यातून धुकं आत येत होतं आणि दिवसाढवळ्या बल्ब लावावा लागला होता. "हे लोक प्रूफं मागत नाहीत, मुखपृष्ठावरून भांडत नाहीत," असं काहीसं त्रिपाठीजी हिंदीतून सांगत होते. मला हसू यायला हवं होतं, पण तिथे मोठ्याने बोलवेना.

निगुडकरांचे तीन खंडही तिथेच होते, फक्त ते नव्याने जुळवून छापलेले. कपाळावर 'कै. वा. निगुडकर'. शेजारी हिंदी भाषांतर, त्यावर 'स्व. वा. निगुडकर'. मी सहज विचारलं, "निगुडकर शास्त्रीबुवा गेले कधी? मलपृष्ठावर साल टाकायचंय."

त्रिपाठीजींनी माझ्याकडे पाहिलं. "ख़बर तो आपके यहाँ से आयी थी."

"आमच्याकडे तर तुमच्याकडून आली."

मी पुण्याला फोन लावला. ग्रंथालयाच्या सूचीत त्यांचं जन्मसाल होतं, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे मोकळी जागा. निधनाची बातमी कुणीच पाहिली नव्हती. माणूस गेलाय हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कुणी जाताना पाहिलं नव्हतं. माझ्या अंगावर शहारा आला, तो मी थंडीवर ढकलला.

दुसरा दिवस : मंगला गौरी

निगुडकरांचं घर मंगला गौरीच्या देवळामागे, पंचगंगा घाटाच्या वर. रिक्षा अलीकडेच सोडावी लागते. धुक्यात गल्ल्या अर्ध्या दिसत होत्या आणि अर्ध्या अंदाजाने चालायच्या होत्या. मी एका नावाड्याला विचारलं, निगुडकर गुरुजींचं घर कुठलं?

"गुरुजी त अब ना देखालन," तो म्हणाला. आता दिसत नाहीत. मी मान खाली घातली.

दोन वळणांनंतर फुलं विकणाऱ्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "अभी-अभी तो नहाकर गये हैं."

बाईचा काहीतरी घोटाळा झालाय असं मी ठरवलं. तरी जिना चढताना लक्षात आलं की पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे आहेत आणि ते वरच जाताहेत.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. उंच, वाळलेले, अंगावर धाबळी. शास्त्रीबुवांचे भाऊ असावेत असं वाटलं. त्यांच्या मागे भिंतीवर शास्त्रीबुवांचा मोठा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. मी चपला काढल्या, हात जोडले आणि वाटेत जुळवून ठेवलेली वाक्यं म्हटली. शास्त्रीबुवांच्या जाण्याने अभ्यासकांची फार हानी झाली, आमच्या सगळ्या संस्थेतर्फे सांत्वन करायला आले आहे, वगैरे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बसा," म्हणाले. "केशव चांगला होता. फार हट्टी होता, पण चांगला होता."

"तुमचे धाकटे की थोरले?"

"बरोबरीचा," ते म्हणाले.

मग ते केशवबद्दल बोलत राहिले. केशव पहाटे घाटावर जात असे, केशवला मटार आवडत, केशव एका शब्दापायी महिनामहिना अडून बसत असे. मी वर फोटोकडे पाहत होते आणि खाली त्यांच्याकडे. तेच कान, तोच भुवईतला व्रण. भावांत साम्य असतं म्हणून मी स्वतःची समजूत घालत होते. तेवढ्यात आतून एक बाई चहा घेऊन आल्या. शास्त्रीबुवांच्या पत्नी सुमतीबाई याच असणार, वारस म्हणून ज्यांची सही मला हवी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र. मी चुड्यावरून नजर पुन्हा फोटोतल्या हाराकडे नेली.

माझी नजर त्यांनी ओळखली. "यांचंच सांत्वन यांनाच करतेस काय, बेटा?" त्या म्हणाल्या. "हेच तर आहेत ते."

खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं, तरी शास्त्रीबुवा तिकडेच बघत बसले.

घडलं होतं ते सांगायला अगदी क्षुल्लक आहे. त्यांचं नाव केशव वासुदेव, म्हणजे के. वा. निगुडकर. पुनर्मुद्रणाच्या वेळी जुन्या फाँटमधला मजकूर नव्या फाँटमध्ये नेताना 'के'वर एक मात्रा जास्त पडली आणि 'कै' झालं. काशीत अक्षरं जुळवणाऱ्या हिंदी माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुण्यात प्रूफं वाचणाऱ्याला तर मुळीच वाटलं नाही, कारण 'कै.' हा अगदी बरोबर शब्द आहे. चुकीचा शब्द असता तर सापडला असता. पुढे ग्रंथालयाने सूचीत 'कैलासवासी वासुदेव' अशी फोड करून लिहिलं, हिंदी भाषांतरकाराने इमानाने 'स्वर्गीय' केलं, आणि एकाचं पाहून दुसऱ्याने आपल्या संदर्भसूचीत घेतलं. आमच्या धंद्यात तीन ठिकाणी छापलेली गोष्ट खरी असते.

"वासुदेव माझे वडील," शास्त्रीबुवा म्हणाले. "ते खरोखरच कैलासवासी आहेत. म्हणजे पुस्तकं आता बापाच्या नावावर आणि मी कुठेच नाही." वैयाकरणांना अर्धी मात्रा वाचवता आली तरी मुलगा झाल्याइतका आनंद होतो म्हणतात. या घरात एक मात्रा जादा पडली होती.

"पण तुम्ही कळवलं का नाही? एक फोन केला असता तर..." माझा आवाज चढला. मला असल्या वेळी रागच येतो.

"आधी कळवणारच होतो," ते म्हणाले. "तेवढ्यात तिकडच्या एका कॉलेजने माझ्या नावाने स्मृतिव्याख्यान ठेवलं. हा फोटो त्यांनीच पाठवला, हारासकट. व्याख्यान मी मोबाइलवर ऐकलं. जिवंत होतो तोवर माझ्याविषयी कुणी इतकं नीट बोललं नव्हतं हो. आणि मग त्या संस्थेचं पत्र आलं की चौथा खंड आम्ही काढतो."

चौथा खंड घेऊन ते वर्षानुवर्षं प्रकाशकांचे उंबरे झिजवत होते. अभ्यासक्रमाला लागेल का, तुमचे विद्यार्थी किती प्रती घेतील, आधी छोटं गाइड लिहून द्याल का, हेच प्रश्न सगळीकडे. जिवंत माणसाचं पुस्तक कुणाला नको होतं आणि मेलेल्याचं न मागता निघत होतं. म्हणून त्यांनी मेलेलंच राहायचं ठरवलं होतं. दिवसा घाटावर जायचं सोडलं, धुक्याआड तेवढं नाहून यायचं, कारण महाराष्ट्रातून आलेला एखादा प्राध्यापक ओळखायचा. खोटं बोलायचं नाही म्हणून स्वतःबद्दल भूतकाळात बोलायची सवय लावून घेतली होती.

"पुस्तक निघेपर्यंत तुम्ही गप्प राहा," ते मला म्हणाले. "हिने वारस म्हणून सही केली की झालं. मग मला जिवंत करा नाहीतर राहू द्या."

सुमतीकाकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. शेगडीवर निमोना, म्हणजे वाटलेल्या मटारची आमटी, रटरटत होता. हा इकडचा पदार्थ, पण वास आपल्या गोड्या मसाल्याचा. बोलताना त्यांनी आवाज खाली आणला.

"तुला वाटेल म्हातारा नाटक करतोय. सुरुवातीला मलाही मजाकच वाटला. आता बघ न, शेजारचे 'केशव गुरुजी' म्हणून हाका मारतात तर हे उठतच नाहीत. बिलकुल ऐकू येत नाही त्यांना. जेवायचं विसरतात. भूक लागली का विचारलं तर म्हणतात, केशवला लागायची. परवा आरशासमोर कितीतरी वेळ उभे होते. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, कोणी आलंय का पाहतोय." त्यांनी पदराने कढईचा कान धरला. "त्या कागदावर मला काय लिहायला सांगताय तुम्ही लोक? विधवा? ही काशी आहे, बेटा. इथे तोंडातून निघालेलं लागतं. मी सही केली आणि शामपर्यंत खरंच झालं तर? मला सवाष्ण जायचंय, दुसरं काही नको."

मी शकुन-अपशकुन मानत नाही. त्या स्वयंपाकघरात उभी असताना मात्र मला त्यांचं म्हणणं खोडून काढता आलं नाही. भीती वाटत होती, हे सरळ सांगते.

त्याच दुपारी

लॉजवर जाऊन त्रिपाठीजींनी आगाऊ जुळवून दिलेली चौथ्या खंडाची प्रूफं वाचायला घेतली. मनात होतं, पुस्तक सुमार निघालं तर प्रश्नच मिटेल. पण ते तसं नव्हतं. संस्कृतात भूतकाळाचा एक प्रकार आहे, परोक्ष भूतकाळ. बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडलेल्या गोष्टींसाठीच तो वापरतात. अमका राजा होता, तमकं युद्ध झालं, अशा गोष्टी. स्वतःबद्दल तो सहसा वापरता येत नाही, कारण आपल्या आयुष्याला आपण हजरच असतो. झोपेत किंवा भान हरपल्यावर काही केलं असेल तर मात्र चालतो. सगळा चौथा खंड या एका अपवादावर होता. माणूस स्वतःला गैरहजर कधी असतो, एवढाच प्रश्न, आणि तो इतक्या सोप्या मराठीत मांडला होता की चहा कधी गार झाला ते कळलं नाही.

असं लेखन माझ्या टेबलावर क्वचित येतं. ते छापलं जावं असं मला मनापासून वाटत होतं. खोट्या कागदावर सही घेणं गुन्हा आहे हेही मला कळत होतं. पुण्याला फोन करून 'शास्त्रीबुवा जिवंत आहेत' एवढं म्हटलं असतं तर पुस्तक तिथल्या तिथे संपलं असतं. मी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. असं बऱ्याचदा केलं.

तिसरा दिवस : नाव

सही साक्षीदारासमोर व्हायला हवी म्हणून त्रिपाठीजी माझ्याबरोबर आले. त्यांना मी वाटेत सगळं सांगून टाकलं. ते गल्लीतच थांबले, कानाला हात लावला आणि मग हळूच म्हणाले, "किताब तो छप जाएगी न, दीदी? गुरुजी की इच्छा है तो..." मी पुढे चालू लागले. धुकं कालच्यापेक्षा दाट होतं. देवळातली घंटा जवळून येत होती की लांबून, तेही समजत नव्हतं.

शास्त्रीबुवा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते. स्वतःच्या वारसाच्या सहीच्या वेळी समोर बसणं त्यांना बरं वाटलं नसावं. उघड्या दारातून त्यांची पाठ दिसत होती, आणि धाबळीखाली श्वास चाललेला दिसत नव्हता. मी नीट पाहिलं, पुन्हा पाहिलं. काकूही तेच पाहत होत्या.

"माताजी, बस यहाँ," त्रिपाठीजींनी कागद पुढे केला. दिवंगत लेखकाचं नाव, वारसाचं नाव, नातं. नात्यापुढे 'विधवा' आधीच टाइप केलेलं होतं. काकूंनी पेन घेतलं, चष्मा चढवला, आणि ती ओळ बोट ठेवून वाचली. मग आतल्या पाठीकडे बघत त्यांनी हाक मारली, "अहो, करू का?"

"कर," आतून आवाज आला. विहिरीतून यावा तसा, बारीक. "केशवची तीच इच्छा होती."

'होती' ऐकल्यावर काकूंचा चेहराच बदलला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"मीनल, तिकडे पुण्यात हळदीकुंकवाला अजून नाव घ्यायला सांगतात का गं?"

"सांगतात, काकू."

"मग मला सांग."

मला आधी कळेना. मग कळलं. नवऱ्याचं नाव एरवी त्यांच्या पिढीने तोंडातून काढलं नाही. काढलं ते उखाण्यातच, आणि उखाणा घ्यायचा तो सवाष्णीने. विधवेला कुणी नाव घ्यायला सांगत नाही. मी म्हटलं, "काकू, नाव घ्या."

त्यांनी नव्या नवरीसारखा डोक्यावरून पदर घेतला, मान ताठ केली आणि आतल्या दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"एक मात्रा, दोन मात्रा, छापणाऱ्याची चूक,
केशवरावांचं नाव घेते, लागलीय त्यांना भूक."

घरात काही हललं नाही. त्रिपाठीजींना शब्द समजले नसावेत, पण तेही हात जोडून उभे राहिले. काकूंनी पुन्हा म्हटलं नाही. एकदाच घ्यायचं असतं.

मग आत धाबळी सरकली. शास्त्रीबुवा भिंतीला धरून उठले, दारात आले आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. झोपेतून उठलेल्या माणसाला खोली ओळखायला लागतो तेवढा वेळ त्यांना लागला.

"लागली आहे," ते म्हणाले. "मला भूक लागली आहे."

काकूंनी पाट मांडला. त्रिपाठीजींनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि जिन्याकडे जाताना मला म्हणाले, "अब यह खंड मुश्किल है, दीदी." ते हळू बोलले होते, पण शास्त्रीबुवांनी ऐकलं. पानात निमोना-भात होता. पहिला घास घेतला तेव्हाच त्यांच्या डोळ्यांना धार लागली. आयुष्यभराचं काम गेलं हे त्यांना नीट समजलं होतं. ते रडत होते आणि जेवत होते.

"आणखी वाढू?" काकूंनी विचारलं.

त्यांनी डाव्या हाताने डोळे पुसले आणि पान पुढे सरकवलं.